संध्याकाळी सातला बसायचं कुठे?

(पत्राचा सारांश. ओळख पटेल असे तपशील काढून टाकले आहेत.)

पत्र लिहिणारे गृहस्थ ४४ वर्षांचे, दक्षिण महाराष्ट्रातल्या एका तालुक्याच्या गावी पतसंस्थेत नोकरीला. अठरा वर्षं दारू प्यायले, त्यातली शेवटची सहा वर्षं रोज. पुण्यातल्या एका व्यसनमुक्ती केंद्रात पस्तीस दिवस राहून आले, त्याला चार महिने झाले. तेव्हापासून थेंब घेतलेला नाही. निघताना केंद्रातल्या ताईंनी 'एएच्या मीटिंगला जात राहा' असं बजावलं होतं. (एए म्हणजे अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस, दारू सोडू पाहणाऱ्या माणसांची आपसातली संघटना.) गावात मीटिंग नाही, चाळीस किलोमीटरवर जिल्ह्याच्या गावी आहे. ते एकदा गेले. शाळेच्या वर्गात पंधरा-वीस माणसं बसली होती आणि दुसऱ्या बाकावर यांच्याच गावातले एक औषध दुकानदार. हे दारातूनच मागे फिरले, एसटी स्टँडवर दीड तास बसले आणि शेवटच्या गाडीने घरी आले. आता त्यांना प्रश्न पडलेत. त्या माणसाने पाहिलं असेल तर गावात बभ्रा होईल का? 'मी काही त्यांच्याइतका वाया गेलो नव्हतो', मग त्यांच्यात कशाला बसायचं? तिथे देवाचं नाव घेतात, हे देव मानत नाहीत. पत्नी म्हणते, सुटली आहे ना, मग पुन्हा दारुड्यांच्यात कशाला? मनाचा निर्धार पक्का असेल तर मीटिंग लागते का, आणि लागत असेल तर मोबाइलवरची चालेल का? पत्राच्या शेवटी एक सुटी ओळ आहे: 'पुढच्या महिन्यात मेव्हण्याचं लग्न आहे.'

नमस्कार.

तुमचं पत्र दोनदा वाचलं. पहिल्यांदा ते मीटिंगबद्दलचं वाटलं. दुसऱ्यांदा वाचताना मात्र स्टँडवरचा तो दीड तास डोळ्यांसमोरून हलेना. चार महिने कोरडा राहिलेला माणूस, परकं गाव, संध्याकाळची सातची वेळ आणि एसटी स्टँडचं बाकडं. स्टँडसमोरच्या रांगेत कुठकुठल्या पाट्या लागलेल्या असतात, हे मी तुम्हाला सांगायला नको. तरी तुम्ही गाडी आल्यावर गाडीत बसलात आणि घरी आलात. तुम्ही हे खाली मान घालून लिहिलं आहे. मला मात्र पत्रातली सगळ्यात भक्कम गोष्ट तीच वाटली.

आपल्याकडे 'आज बसायचं का?' असं कुणी विचारलं तर समोरचा 'कशाला?' म्हणून विचारत नाही. पिण्याला मराठीने 'बसणं' म्हटलं, ते फार नेमकं आहे. ठरलेली वेळ, ठरलेलं टेबल, तोच चकणा, तेच चौघे, साहेबाला त्याच शिव्या आणि त्याच जुन्या विनोदांवर तेच हसणं. केंद्रातल्या पस्तीस दिवसांत तुमच्या अंगातली दारू उतरली. बसणं तिथे सुटलं नाही, कारण तिथेही तुम्ही रोज गटात बसतच होता. ते सुटलं घरी आल्यावर. तुमच्या चार पानी पत्रात पतसंस्था आहे, पत्नी आहे, मुलींची शाळा आहे, पण संध्याकाळी सहा ते नऊ तुम्ही काय करता याबद्दल एक अक्षर नाही. मीटिंगला जायचं की नाही ते नंतर बघू. आधी सांगा, हल्ली तुम्ही कुठे बसता?

बहुतेक घरी, टीव्हीसमोर, कुणी फार बोलू नये अशा बेताने. आणि घरातली माणसंही दबकून वावरत असणार. म्हणजे दारू गेली, पण दारूने केलेलं एकटेपण तसंच राहिलं.

निर्धाराबद्दल तुम्ही लिहिलंय. निर्धार मला आवडतो, पण त्याचं वेळापत्रक मला ठाऊक आहे. तो सकाळी सर्वांत मजबूत असतो. अठरा वर्षांत तुम्ही किती सकाळी सोडलीत? एक जानेवारीला सोडली असेल, गणपतीत सोडली असेल, मुलीच्या डोक्यावर हात ठेवूनही सोडली असेल. त्या प्रत्येक वेळी निर्धार खोटा नव्हता. सात वाजता तो एकटा पडत होता, एवढंच.

खेडोपाडी दारू सोडायचा एक जुना मार्ग आहे, तुम्हीही पाहिला असेल: माळ घालणं. गळ्यात तुळशीची माळ आली की माणूस म्हणतो, आता नाही. कित्येकांची सुटते, हे मी पाहिलं आहे. तुम्ही देव मानत नाही, तर याचं श्रेय विठ्ठलाला द्यायचं की नाही ते तुमचं तुम्ही ठरवा. पण माळ घातलेल्याच्या संध्याकाळी काय होतं ते बघा. तो हरिपाठाला जातो, एकादशीला भजनाला बसतो, आषाढीला दिंडीत चालतो. पूर्वी ज्यांच्याबरोबर बसायचा त्यांच्या जागी दुसरी माणसं येतात. एक दिवस तो दिसला नाही तर कुणीतरी घरी चौकशीला येतं. माळेत मणी पुष्कळ असतात, एकच मणी दोऱ्यात ओवून कुणी गळ्यात घालत नाही.

एए ही संघटना मुळात अशाच एका संध्याकाळी कुठे बसावं या पेचातून निघाली. १९३५ चा मे महिना. न्यूयॉर्कचा बिल नावाचा शेअर बाजारातला माणूस कामासाठी ओहायोतल्या ॲक्रन गावी गेला होता. दारू सोडून त्याला तेव्हा पाचएक महिने झाले होते, म्हणजे जवळपास तुमच्याएवढेच. काम फसलं, खिशात पैसे बेताचे, आणि हॉटेलच्या लॉबीत एका बाजूला बार, दुसऱ्या बाजूला टेलिफोन. बारमधून हसण्याचा आवाज येत होता. त्याने फोन उचलला आणि यादीतून चर्चचे नंबर शोधून एकेकाला विचारत सुटला: इथे कुणी दारूपायी बेजार झालेला माणूस आहे का, मला त्याच्याशी बोलायचं आहे. फिरत फिरत निरोप गावातल्या एका सर्जनपर्यंत पोचला. तो डॉक्टर 'पंधरा मिनिटं देईन' म्हणून आला. पाच वाजता बसलेले दोघे रात्री अकरा वाजून गेल्यावर उठले. डॉक्टरने शेवटचा पेला घेतला त्याच वर्षी १० जूनला, आणि एए आपला वाढदिवस तो धरते.

या गोष्टीत मला एक बारकावा मोलाचा वाटतो. बिल त्या रात्री मदत मागायला गेला नव्हता. स्वतः कोरडं राहायचं असेल तर दुसरा मद्यपी शोधायला हवा, हे त्याच्या लक्षात आलं होतं. म्हणून तो शोधत होता.

आता तुमचे औषध दुकानदार. त्यांचं नाव गाव मी विचारत नाही, पण तुमच्या प्रश्नात एक गंमत आहे, ती तुम्हाला अजून दिसलेली नाही. 'त्यांनी मला पाहिलं तर?' असं तुम्ही विचारता. ते आत बसले होते, साहेब. दुसऱ्या बाकावर. तुम्ही दारात होता. तुमच्या आधी तेही कधीतरी याच दारात थबकले असतील, कदाचित परतही गेले असतील, आणि पुन्हा आले असतील. गावात तुमचं नाव काढायचं तर आधी त्यांना स्वतः तिथे काय करत होते ते सांगावं लागेल.

बभ्र्याबद्दल मला जरा खरखरीत बोलू द्या. सहा वर्षं रोज पिणारा माणूस तालुक्याच्या गावात लपत नाही. रिक्षावाल्याला माहीत असतं, पानवाल्याला माहीत असतं, आणि तुमच्या शिपायाला तर तुमच्याही आधी कळलेलं असतं. ज्या अब्रूची तुम्हाला आज काळजी वाटते, ती पिताना तुम्ही कधी एवढी जपली होती का? लोकांनी पिताना पाहिलं ते चाललं, सोडताना पाहिलं तर लाज, हा हिशेब उलटा आहे, आणि तुम्ही पतसंस्थेत हिशेबाचंच काम करता.

पण एक गोष्ट झाकून ठेवत नाही. मीटिंगमध्ये ऐकलेलं बाहेर नेऊ नये, कोण आलं होतं ते सांगू नये, ही एएची परंपरा आहे. ती कायद्याची मोहर नाही, माणसांनी पाळायची गोष्ट आहे. बहुतेक जण ती कसोशीने पाळतात, कारण प्रत्येकाचं पाणी त्याच मडक्यात आहे. तरी पहिल्याच दिवशी कार्यालयातल्या भानगडी, पैशांचे घोळ, कोर्टाच्या गोष्टी सगळ्यांसमोर काढू नका. त्या पुढे एका विश्वासाच्या माणसाशी एकट्यात बोलायच्या असतात.

'त्यांच्याइतका वाया गेलो नव्हतो' हे वाक्य मला माझ्या मामामुळे पाठ आहे. मामा सरकारी नोकरीत होता, कायम इस्त्रीचा शर्ट. मामी यायला तयार नव्हती म्हणून पहिल्या मीटिंगला मी त्याला घेऊन गेले होते. ती खुली मीटिंग होती, बाहेरच्यांना बसता येत होतं. बाहेर पडताना मामा म्हणाला, 'तो एक जण गटारात पडायचा म्हणे. मी कधी गटारात पडलो नाही.' मी काही बोलले नाही. पुढच्या आठवड्यात म्हणाला, 'तो दुसरा बायकोचे दागिने विकायचा. मी विकले नाहीत.' तिसऱ्या आठवड्यात एका रंगाऱ्याने सांगितलं की तो बाटली संडासातल्या फ्लशच्या टाकीत लपवायचा. मामा बाहेर येऊन गप्प. रिक्षात बसल्यावर हळूच म्हणाला, 'मी पण.' त्यानंतर त्याला सोबत म्हणून माझी गरज लागली नाही.

पहिल्या दिवशी आपण दुसऱ्याचं वेगळं काय ते मोजत बसतो. ते मोजून होऊ द्या, पण तेवढ्यावर उठून येऊ नका. गटार, दागिने, नोकरी, तुरुंग हे सगळे बाहेरचे तपशील. संध्याकाळी पाचनंतर घशात सुरू होणारी ती तगमग मात्र रंगाऱ्याची, मामाची आणि सर्जनची एकच असते. आणि माझ्या मामाच्या त्या मीटिंगमधली जी गोष्ट मी विसरू शकत नाही ती म्हणजे हसणं. मी रडारड ऐकायची तयारी करून गेले होते. माणसं आपल्याच फजितीवर पोट धरून हसत होती. बाहेर ज्या गोष्टी सांगितल्या तर शेजारी दार लावून घेतील, त्या तिथे विनोद होत्या.

देवाचं म्हणाल तर तुमची अडचण खरी आहे, ती उडवून लावणार नाही. दारूतून बाहेर पडायच्या एएच्या ज्या बारा पायऱ्या आहेत, त्यांत देव येतो, शेवटी प्रार्थनाही होते. पण तिथे शब्द आहेत ते 'आम्हाला जसा समजला तसा ईश्वर'. देव न मानणारे काही जण म्हणतात, आमच्यासाठी हा वर्ग, ही वीस माणसं हीच आमच्यापेक्षा मोठी शक्ती. प्रार्थनेच्या वेळी तुम्ही नुसते उभे राहिलात तर कुणी बाहेर काढत नाही. सभासद व्हायची अट एकच आहे: दारू सोडायची इच्छा. श्रद्धेची अट नाही, फी नाही, हजेरीपट नाही. शेवटी एक पिशवी किंवा डबा फिरतो, त्यात दहा-वीस रुपये टाकायचे किंवा नाही टाकायचे. चहाचा आणि खोलीच्या भाड्याचा खर्च त्यातून निघतो. बाहेरची देणगी एए घेत नाही. तेव्हा कुणी एएच्या नावावर प्रवेश फी मागितली तर तिथून सरळ चालू लागा.

तरीही दोन-चार मीटिंगांनंतर तिथली भाषा अंगाला लागत नाही असं वाटलं, तर एए हा एकमेव रस्ता आहे असं मी म्हणणार नाही. काही केंद्रं आपल्या जुन्या रुग्णमित्रांसाठी पाठपुराव्याच्या बैठका घेतात, तिथे समुपदेशक असतो. मानसोपचारतज्ज्ञाकडे नियमित जाणं हाही मार्ग आहे, आणि या गोष्टी एकत्रही चालतात. २०२० मध्ये कॉक्रेन या संशोधन संस्थेने २७ अभ्यास एकत्र तपासले, त्यांत दहा हजारांवर माणसं होती. पूर्ण कोरडं राहण्याच्या बाबतीत, रुग्णाला नीट एएशी जोडून देणारे उपचार इतर प्रस्थापित उपचारांपेक्षा सरस ठरले. बाकी बाबतींत ते त्यांच्या बरोबरीचे होते. नास्तिकाने आकड्यांवर तरी विश्वास ठेवायला हरकत नसावी.

आता तुमच्या पत्नीबद्दल. 'दारुड्यांच्यात कशाला' यात मला तुच्छता ऐकू येत नाही, धास्ती ऐकू येते. अठरा वर्षं त्यांनी रात्री मोटारसायकलचा आवाज ऐकून अंदाज बांधला असेल की आज किती झाली आहे. आता तुम्ही म्हणता, संध्याकाळी चाळीस किलोमीटर जातो, रात्री दहाला येतो. त्यांच्या पोटात गोळा येणारच. त्यांना पटवत बसू नका, घेऊन जा. फोन करून खुली मीटिंग कधी असते ते विचारा, त्या दिवशी घरच्यांना बसता येतं. आणि त्यांच्या स्वतःसाठीही जागा आहे. मद्यप्यांच्या घरच्यांसाठी १९५१ मध्ये अल-अनॉन सुरू झालं, ते सुरू करणाऱ्यांत बिलची बायको होती. महाराष्ट्रात त्याचे गट आहेत. पुण्यात डॉ. अनिता आणि अनिल अवचट यांनी १९८६ मध्ये सुरू केलेल्या मुक्तांगण या व्यसनमुक्ती केंद्रात रुग्णांच्या पत्नींसाठी 'सहचरी' नावाचा गट चालतो. नवऱ्याची सुटली तरी बायकोची झोप लगेच परत येत नाही. तिलाही कुठेतरी बसायला हवं.

मोबाइलवरची मीटिंग चालेल का? चालेल. कोविडच्या काळात झूमवर सुरू झालेल्या कित्येक मीटिंगा आजही चालतात, मराठीतल्याही. रात्री पाऊस कोसळत असताना, किंवा घरात भांडण होऊन हात थरथरत असताना त्या फार कामाच्या. ज्या स्त्रियांना वीस पुरुषांच्या वर्गात पाऊल टाकणं जड जातं, त्यांना तर मी आधी ऑनलाइनच जा म्हणेन, बायकांच्या वेगळ्या मीटिंगाही असतात. मुक्तांगणचा स्त्रियांसाठी 'निशिगंध' हा स्वतंत्र विभाग आहे. पण तुमच्याबाबत मला शंका आहे. कॅमेरा बंद, आवाज बंद, शेजारी टीव्ही चालू, असं मीटिंगला 'जाणं' तुम्हाला फार सोयीचं पडेल. दारातून परत फिरायलाही तिथे चपला घालाव्या लागत नाहीत. म्हणून आठवड्यातून एकदा प्रत्यक्ष, बाकी दिवस मोबाइल, अशी वाटणी करून बघा.

तुमचं पत्र छापायचं ठरवलं ते तुमच्यासारख्या इतरांसाठी, तेव्हा शोधायचं कसं तेही सांगते. एएच्या भारतातल्या संकेतस्थळावर गावांनुसार मीटिंगांची यादी आहे, त्यांचं मध्यवर्ती कार्यालय मुंबईत आहे. यादीतल्या वारावर आणि वेळेवर डोळे मिटून विसंबू नका. शाळा जागा बदलायला लावते, परीक्षेच्या दिवसांत खोली मिळत नाही. निघण्याआधी दिलेल्या नंबरवर फोन करा. फोन उचलणाराही मद्यपीच असतो, त्याला तुमची अवघडलेली सुरुवात नवी नसते. ज्या केंद्रात राहून आलात तिथल्या समाजसेवकाला विचारा, तुमच्या भागातल्या गटांची माहिती त्यांच्याकडे बहुधा असते. जिल्हा रुग्णालयाच्या मनोविकार विभागात चौकशी करा. व्यसनमुक्तीची राष्ट्रीय हेल्पलाइन १४४४६ आहे, आणि मानसिक आरोग्याची टेलि-मानस १४४१६, तिथे मराठीत बोलता येतं.

जाताना दहा मिनिटं आधी पोचा. उशिरा गेलं की सगळे वळून बघतात आणि दारातून फिरायचा मोह होतो. आत एखाद्याला सांगा, 'मी नवीन आहे.' बोलायला सांगितलं तर 'आज फक्त ऐकतो' एवढं पुरे. स्वतःला अल्कोहोलिक म्हणवून घ्यायला जीभ रेटत नसेल तर नुसतं पहिलं नाव सांगा. निघताना दोन-तीन जणांचे फोन नंबर घ्या. खरी मीटिंग पुष्कळदा या नंबरांवर होते. आणि एका मीटिंगवरून निकाल लावू नका. काही गट कंटाळवाणे असतात, काही गटांत एखादा जुना खोड सगळ्यांना उपदेश करत सुटतो. पाच-सहा वेळा, जमल्यास वेगवेगळ्या ठिकाणी बसून बघा. तिथे कुणी 'डॉक्टरांच्या गोळ्या बंद कर' म्हणाला तर मान हलवा आणि गोळ्या चालू ठेवा. औषधांचा निर्णय डॉक्टरांचा, हे खुद्द एएचं साहित्यही सांगतं.

जे वाचक अजून रोज पीत आहेत, त्यांच्यासाठी इथे थांबून एक गोष्ट. हे वाचून उद्या सकाळी एकदम बंद करू नका. रोज भरपूर पिणाऱ्याने अचानक थांबवलं तर पहिल्या दोन-चार दिवसांत थरथर, घाम, झटके, भास होऊ शकतात, आणि त्यात जीवही जाऊ शकतो. आधी डॉक्टर, मग मीटिंग. आणि घरच्यांनो, चहात-भाजीत गुपचूप टाकायच्या पावडरी आणि गोळ्या आणू नका. दारूवर उलटणारं डायसल्फिराम हे औषध रुग्णाला पूर्ण कल्पना देऊन, डॉक्टरांच्या देखरेखीखालीच द्यायचं असतं. नकळत दिलं आणि वर तो प्यायला तर नको ती वेळ येते.

बरं, लग्न. त्या ओळीपुढे तुम्ही प्रश्नचिन्ह टाकलेलं नाही, पण सगळ्या पत्रात मला तोच प्रश्न सर्वांत मोठा दिसला. 'एखादा चालेल का' असं तुम्ही विचारलं नाहीत, म्हणजे उत्तर तुम्हाला माहीत आहे. अक्षता पडताना काही धोका नाही. धोका हळदीच्या रात्री मांडवामागे, आणि वरातीत कुणाच्या तरी गाडीच्या डिकीपाशी. हळदीला जेवून लवकर निघा, गाडीची चावी तुमच्याच खिशात राहू द्या. वरातीला नाही गेलात तर मेव्हण्याचा संसार मोडत नाही. आग्रह करणाऱ्याला गोळ्या चालू आहेत, पित्त झालंय असलं काही सांगू नका, पित्त दोन दिवसांत बरं होतं आणि आग्रह परत येतो. 'मी सोडली' एवढंच सांगा. आणि मीटिंगमधल्या एका माणसाला आधीच सांगून ठेवा की अमुक रात्री साडेनऊला मी फोन करीन, केला नाही तर तू कर. पण त्यासाठी लग्नाआधी तुमच्याकडे असा एक नंबर हवा. हातात महिना आहे, म्हणजे चार मीटिंगा.

दिल्लीच्या एम्सने केंद्र सरकारसाठी केलेल्या २०१९ च्या पाहणीत, दारूच्या पूर्ण आहारी गेलेल्या ३८ जणांमागे जेमतेम एकाला कुठलेतरी उपचार मिळाल्याचं आढळलं होतं. हा आकडा वाचल्यापासून मला तुमच्या गावाचा विचार सुटत नाही. गावात तुम्ही दोघे आहात ज्यांना ते मिळाले, तुम्ही आणि तो औषध दुकानदार. बाकीचे अजून स्टँडसमोर बसले आहेत. एएच्या परंपरेत म्हटलंय की दोन किंवा तीन मद्यपी कोरडं राहण्यासाठी एकत्र आले की ते स्वतःला गट म्हणवू शकतात. परवानगी, अध्यक्ष, बोर्ड काही लागत नाही.

लगेच गट काढा असं मी म्हणत नाही. चार महिन्यांत ते जमायचं नाही आणि जमवूही नये. पण पुढच्या वेळी मीटिंगला गेलात की त्यांच्याच बाकावर जागा आहे का बघा. गावात त्यांच्या दुकानात जाऊन विषय काढू नका, तिथे गिऱ्हाईक असतं. तिथेच, चहाच्या वेळी, 'तुम्ही कसे येता?' एवढं विचारा. ते मोटारसायकलवर येत असतील तर मागची सीट रिकामीच येत असणार. आणि एसटीनेच येत असतील तर परतीची शेवटची गाडी किती वाजता सुटते ते त्यांना नक्की ठाऊक असेल. स्टँडवर थांबायचं झालंच, तर त्या बाकड्यावर दोघे बसाल.